स्ट्रॉबेरीच्या टेपने बांधलेली केबल

एन्चो-सेन्सेई जिना चढून आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या पायात आतल्या सपाता होत्या. मला आधी तेच दिसलं. इथं माणूस आतल्या सपाता घालून बाहेरच्या जिन्यावर पाऊल टाकत नाही, आग लागली तरी आधी बूट घालेल असं मला वाटायचं, आणि या तर खालच्या बालवाडीच्या मुख्य बाई, केस कधी विस्कटलेले नाहीत की आवाज कधी चढलेला नाही. त्यांच्या हातात तीन कागद होते. तिन्हींवर कबूतर. क से कबूतर, ख से खरगोश, आणि वर कोपऱ्यात आमच्या शाळेचं नाव.

"रेश्मा-सान," त्या म्हणाल्या, "हे आमच्या प्रिंटरमधून आलं."

नुकतीच जमीन हलली होती, भिंतीवरचा भारताचा नकाशा अजून वाकडा होता, पण खरं सांगते, मी जमिनीला घाबरले नाही इतकी त्या कबुतराला घाबरले. आमच्या शाळेचा कागद त्यांच्या प्रिंटरमधून बाहेर येणं म्हणजे मधली भिंत पडली. विटांची नाही, नेटची. ती भिंत पडणार नाही या एका अटीवर आमच्या शाळेला नेट मिळालं होतं, आणि ती सांभाळायचं काम माझं होतं.

थांबा, मी पुढे पळतेय. हा अंक काढणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या की रेश्मा, तुझ्या कामावर लिही, आणि आधी काम काय ते सांग, लोकांना कळत नाही. मी म्हटलं मला लिहिता कुठं येतं, माझी बारावी अर्धी राहिलेली. तर म्हणाल्या बोल, फोनमध्ये बोल, ते टाइप होतं. म्हणून ओवी झोपली की बोलतेय. मध्ये श्वास लागला तर समजून घ्या, मी बोलते तशीच.

तर मी कोबेत एका छोट्या भारतीय शाळेत काम करते. डोंगराच्या चढावर जुनी तीन मजली इमारत आहे. खालच्या मजल्यावर जपानी बालवाडी, वरचे दोन आमचे. आमची मुलं बहुतेक कॉम्प्युटरवाल्यांची, आईबाप दोन-तीन वर्षांसाठी येतात, मग परत पुणं नाहीतर बंगलोर. माझं काम म्हणजे, कागदावर 'ऑफिस मदतनीस'. वर्गातले फळे पुसा, डबे गरम करा, पालकांचे फोन घ्या, शिंकणाऱ्या पोराला घरी पाठवा. नेट त्यात नंतर आलं.

कसं आलं तर मुलाखतीत बर्वे मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रिन्सिपलनी, विचारलं की आधी काही नोकरी? मी सांगितलं, श्रीरामपूरला सायबर कॅफेत काउंटरला बसायचे. मला वाटलं हसतील. तर त्यांचे डोळेच चमकले. म्हणजे वायफाय बंद पडलं तर बघता येईल तुला? मी म्हटलं, बंद करून चालू करता येईल मॅडम. त्या म्हणाल्या, इथं तेवढंसुद्धा कुणाला येत नाही. झालं. माझा नवरा सागर त्या वेळी ओसाकात केबल टाकायच्या कामावर होता, अजून तिथंच आहे, तर लोकांना वाटलं नवराबायको दोघं नेटवाले. मला शंभर वेळा सांगावं लागतं की तो नेटवाला, मी नुसती घाबरणारी.

आता एक लाइन दोन शाळांत कशी, ते. इमारत इतकी जुनी की बाहेरून तार आत यायला एकच नळी आहे आणि ती भरलेली. दुसरी लाइन घ्यायची तर भिंत फोडायची, आणि घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही. एक लाइन आधीपासून खालच्या बालवाडीत आलेली. आमची शाळा सुरू झाली तेव्हा पहिले काही आठवडे टीचर लोक स्वतःच्या फोनवरून नेट चालवायचे. मग बर्वे मॅडम एक दिवस मिठाईचा डबा घेऊन खाली गेल्या आणि एन्चो-सेन्सेईंना विचारलं की तुमच्या लाइनमधली अर्धी आम्हाला द्याल का.

त्या द्यायला तयार झाल्या, लगेच. फक्त एक अट. त्यांच्याकडे लहान मुलांची माहिती असते, कुणाला अंडं चालत नाही, कुणाला घरी न्यायला कोण येणार आणि कोण आलं तर द्यायचं नाही, सगळं ऑफिसातल्या एका मशीनमध्ये. ती वरून कुणाला दिसता कामा नये. आणि आमचं त्यांना दिसायला नको. पाणी एकाच नळाचं, पण हंडे वेगळे.

तसंच केलं. खाली स्टोअरमध्ये, खेळण्यांच्या मागे एक लोखंडी कपाट आहे. लाइन तिथं येते, तिथून दोन डब्यांत जाते, एक डबा त्यांचा, एक आमचा. आता हे डबे करतात काय, तर मी सायबरमध्ये करायचे तेच. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, कुठं बसू? मी सांगायचे, सात नंबरला बस. मग ते सात नंबरला बसायचं आणि त्याचं काम सुरू. तसंच कुठलाही लॅपटॉप चालू झाला की विचारतो, मी कितवा? आणि डबा त्याला नंबर देतो. त्यांच्या डब्याचे नंबर वेगळे, आमचे वेगळे. एकाच नंबरातली मशीनं एकमेकांना दिसतात, बाकीची नाही. एवढीच ती भिंत. सागरने मला हे अर्ध्या तासात समजावलं तेव्हा मी म्हटलं, हे तर मी रोज करायचे की, याला इंजिनियर कशाला लागतो. तो म्हणाला, बिघडेपर्यंत लागत नाही.

बिघडायचं तसं लहानसहान. एकदा आमचे पीटीचे सर घरून स्वतःचा वायफायचा डबा घेऊन आले आणि स्टाफरूममध्ये लावला, मुलांच्यामुळे नेट हळू चालतं म्हणून. अर्ध्या शाळेचं बंद. मी वर्गावर्गात फिरले, शेवटी तो डबा चहाच्या कपांमागं सापडला. सर म्हणाले, मी तर मदत करत होतो. मी म्हटलं, सर, तुम्ही शिट्टी वाजवा, नंबर मी देते. तेव्हापासून सर मला काउंटरवाली म्हणतात. एका पालकांचे वडील ठाण्याहून आले होते, ते रोज दुपारी आमच्या जिन्यावर बसायचे, मला वाटलं नातवाची वाट बघतात. ते आमच्या वायफायवर मालिका बघत होते. पासवर्ड नातवानंच दिलेला. मी पासवर्ड बदलला तर दुसऱ्या दिवशी मलाच विचारायला आले, बाळ, काल कथा फार रंगात आली होती.

मला हे काम आवडायचं, खोटं कशाला बोलू. आणि खाली त्याच बालवाडीत माझी ओवी आहे. चार वर्षांची. मी वर काम करते आणि माझ्या पायाखाली ती झोपते, खेळते, खाते. ती माझ्याशी निम्मं जपानीत बोलते, मला निम्मं कळतं. तिच्या वर्गाच्या मोरी-सेन्सेई, तिशीच्या असतील, त्या प्रत्येक मुलाच्या बुटांच्या खणावर रंगीत टेपची पट्टी लावतात. कुणाला ससा, कुणाला ढग. ओवीच्या वर्गातल्या सामानाला स्ट्रॉबेरी. हे लक्षात ठेवा.

आता त्या दिवसाकडे येते.

डिसेंबरातली सुट्टी लागायच्या आधीचा खालचा शेवटचा दिवस. वर आमची नऊ मुलं परीक्षेला बसलेली. ऑनलाइन. भारतात परत जाणाऱ्या मुलांना तिकडच्या चांगल्या शाळांत प्रवेश त्यावर मिळतो. एकदा बसलं की उठायचं नाही, आणि नेट तुटलं की बाहेर, परत आत येता येत नाही, कॉपी होऊ नये म्हणून. बर्वे मॅडम मला आठवडाभर सांगत होत्या की रेश्मा, त्या दिवशी नेटला कुणी हात लावायचा नाही. मीही सगळ्यांना सांगितलं. वरच्या सगळ्यांना.

परीक्षा अर्धी झाली आणि हललं. फार मोठं नाही, पण बाटल्या पडल्या, खिडक्या वाजल्या. मुलं शिकवल्याप्रमाणे बाकाखाली गेली. थांबलं तशी मॅडमनी सगळ्यांना परत बसवलं, कारण स्क्रीनवर परीक्षेचं घड्याळ चालूच होतं. मुलंसुद्धा कसली, डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न. मी खिडकीतून खाली बघितलं तर बालवाडीची पिल्लं जाड टोप्या घालून रांगेत अंगणात उभी, ओवी मोरी-सेन्सेईंचा एप्रन धरून. सागरचा मेसेज आला. तो ओसाकाच्या गाडीत होता, गाड्या तपासणीसाठी थांबवलेल्या. नुसतं लिहिलं होतं, ओवी? मी लिहिलं, बघतेय तिला, ठीक आहे. त्याने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

आणि मग सपाता, आणि कबूतर.

कागद कुठून आले ते मला लगेच कळलं, आमच्या हिंदीच्या सुषमा मिसनी सकाळी प्रिंट दिली, आली नाही म्हणून परत दिली, परत दिली. ती खाली निघत होती. पण एन्चो-सेन्सेई त्यासाठी आल्याच नव्हत्या. कागद त्यांनी मला फक्त दाखवले. त्या म्हणाल्या, आमचा मेसेज जात नाहीये.

बालवाडीचा नियम आहे, अमुक एवढं हललं की सगळ्या आईबापांना मेसेज जातो, सगळी मुलं सुखरूप आहेत, सावकाश या. तो त्या ऑफिसातल्या मशीनमधूनच जातो. एन्चो-सेन्सेई कोबेच्याच. पूर्वी इथं मोठा भूकंप झाला तेव्हा त्या नव्या नोकरीत होत्या, आणि काही आईबापांना आपलं मूल जिवंत आहे हे कळायला दुसरा दिवस उजाडला होता, असं मला एकदा मोरी-सेन्सेईंनी सांगितलेलं. त्या स्वतः कधी बोलत नाहीत. फक्त तो मेसेज कधी उशिरा गेलेला नाही.

मी खाली पळाले. ऑफिसात एकच फोन आणि तो सारखा वाजत होता, एक सेन्सेई घेत होत्या, ठेवला की परत. मशीन चालू होतं, पण मेसेज त्यांच्याच डब्यातून जातो आणि त्या डब्याशी ते बोलत नव्हतं. मी नंबर बघितला. आमचा नंबर. त्यांच्या मशीनला आमच्या डब्याने नंबर दिलेला. मी बंद करून चालू केलं. परत आमचाच. हाताने नंबर घालता येतो, ते मला येतं, पण तिथं पासवर्ड मागत होतं आणि तो त्यांच्या सिस्टिमच्या माणसाकडं, आणि तोही बहुतेक कुठल्या थांबलेल्या गाडीत, फोन लागत नव्हता.

मग मी स्टोअरमध्ये गेले आणि कपाट उघडलं.

आतलं बघून मला रडू यायचं बाकी होतं. कपाट चकचकीत. एक धुळीचा कण नाही. आदल्या दिवशी खाली ओसोजी झालेली, म्हणजे वर्ष संपताना करतात ती मोठी साफसफाई, सगळ्या सेन्सेई मिळून, कोपरा न् कोपरा, बुटांचे खणसुद्धा काडीने. प्रत्येक केबल काढून, पुसून, जागच्या जागी परत लावलेली, रंग बघून, एकही चुकलेली नाही. फक्त एक केबल होती जी कुठंच लावलेली नसायची. लाइन जोडणाऱ्या माणसाने आमच्या डब्याची एक जादा तार तिथं सोडून ठेवली होती, कधी तपासायला लागली तर म्हणून. तिचं टोक तसंच लोंबत असायचं. ज्याने पुसली त्याला वाटलं असणार, ही बिचारी कुणीतरी परत लावायची विसरलंय. त्यांच्या डब्यात एक भोक रिकामं होतं. त्यात बरोबर बसवली. आणि ती दिसायला नीट दिसावी म्हणून बाकीच्यांबरोबर टेपने बांधली.

स्ट्रॉबेरीची टेप.

म्हणजे सायबर कॅफे एक आणि काउंटर दोन झाले. गिऱ्हाईक येतं, विचारतं कुठं बसू, आणि जो आधी ओरडेल त्याचा नंबर घेतं. ओसोजीनंतर चालू झालेल्या प्रत्येक मशीनने असंच, कुणी यांचा घेतला कुणी त्यांचा.

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. उपाय तर समोर होता. केबल ओढायची, टक् असा आवाज येईल, खालची मशीनं परत सुरू करायची, मेसेज जाईल. मी टेप नखाने सोडवली, केबलला हात घातला.

आणि हात तिथंच थांबला. कारण खालच्यांना आमचे नंबर गेले असतील, तर वरच्यांना खालचे गेले असणार.

मी परत वर पळाले. परीक्षेच्या खोलीत अनवाणी गेले, मॅडमच्या कानात सांगितलं की एक मिनिट बघू दे, आणि खिडकीकडच्या रांगेत वाकून एकेका लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघितलं. चौघांच्याकडे खालचा नंबर. त्यांचं नेट त्या स्ट्रॉबेरीच्या केबलमधून चाललं होतं. केबल ओढली की चौघं बाहेर. फोनचं नेट जोडून दिलं तरी जोडताना तुटतंच, म्हणजे बाहेरच.

चौघांत ईशिता होती. तिचे बाबा मार्चमध्ये पुण्याला परत चाललेले, तिकडच्या शाळेची जागा या परीक्षेवर होती. ती पोरगी सहा महिने अभ्यास करत होती, डबा खाताना एका हातात पुस्तक. मी तिच्याजवळ वाकले तर तिला वाटलं मी कौतुकाने बघतेय, ती हसली आणि परत स्क्रीनकडे.

मॅडमना मी बाहेर पॅसेजमध्ये सगळं सांगितलं. दम लागलेला, अर्धं जपानीच तोंडात येत होतं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. त्या कठोर नाहीत, हे मला सांगायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, किती वेळ राहिलाय, पाऊण तास. खाली कुणाला लागलंय का? नाही. मुलं अंगणात आहेत, सुखरूप आहेत, बरोबर? बरोबर. फोन चालू आहे त्यांचा? एकच चालू आहे मॅडम. मग एकेकाला फोनवर सांगतील ना. पाऊण तासाने ओढ. पाऊण तासाने कुणाचं काही बिघडणार नाही, पण आत्ता ओढलीस तर या चौघांचं वर्ष बिघडेल.

आता तुम्हीच बघा, यात चूक काय आहे? मी म्हटलं बरं मॅडम, आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिले.

एन्चो-सेन्सेई जिन्याखाली उभ्या होत्या. मी वरून सांगितलं की वर मुलांची परीक्षा आहे, केबल काढली तर चौघं जातील. वाटलं त्या काहीतरी म्हणतील, लाइन आमची आहे, अट काय ठरली होती. म्हणायचा हक्क होता त्यांना. तर त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "वरची मुलंसुद्धा मुलंच आहेत." आणि वळून फोनकडे गेल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी पाऊण तास थांबले असते.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली. मी तिला ओळखते, कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, काउंटरला असते, तिचा मुलगा ओवीच्या वर्गात. दुकानाचा एप्रन तसाच अंगावर, एका पायात बूट नीट नाही. चढ पळत आली होती. ती अंगणात एकेका टोपीखाली वाकून बघत होती, हा नाही, हा नाही, आणि मुलगा सापडला तेव्हा ती खाली बसली. नुसती बसली. त्याने तिला विचारलं, आई, तू दुकान सोडून का आलीस?

ही जवळची होती म्हणून आली. बाकीचे ओसाकाच्या रुळांवर, बंद गाडीत, हातात फोन. सागरला मी लिहिलं होतं, बघतेय तिला, ठीक आहे. तेवढे शब्द मिळायच्या आधी तो कसा बसला असेल ते मला माहीत आहे, कारण ओवी अंगणात दिसेपर्यंत मी तशीच होते. एकेकाला फोन म्हणजे शेवटच्या घराला कधी कळणार? आणि ते शेवटचं घर कुणाचं?

माझ्या पायांनी ठरवलं. मी मॅडमना परत विचारायला गेले नाही, विचारलं असतं तर त्या परत नाही म्हणाल्या असत्या आणि मग मला जमलं नसतं. मी स्टोअरमध्ये गेले, कपाट उघडलं, आणि ओढली. टक् वाजलं. एवढासा आवाज.

ऑफिसातलं मशीन बंद करून चालू केलं. त्यांचा नंबर आला. एन्चो-सेन्सेईंनी बटण दाबलं. सगळी मुलं सुखरूप आहेत, सावकाश या. फोन वाजायचा थांबला. एकदम थांबला नाही, एक वाजला, मग एक, मग नाही. त्या शांततेत मला वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी वर गेले. पळून कुठं जाणार, ओवी खालीच होती. चार स्क्रीनवर एकच ओळ. तीन मुलं मॅडमकडे बघत होती. ईशिता स्क्रीनकडे बघत होती, हात अजून माऊसवर. बाकीची पाच लिहीत होती म्हणून कुणाला मोठ्यानं बोलताही येत नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी थांब म्हटलं होतं ना, रेश्मा."

"हो मॅडम. मी ऐकलं होतं."

नंतर त्यांनी नोकरीवरून काढलं नाही, रागावल्याही नाहीत, पण त्या दिवसापासून नेटचं काही असलं की आधी स्वतः येऊन उभ्या राहतात. मी समजते ते.

संध्याकाळी मोरी-सेन्सेई वर आल्या. कुणी नाव घेतलं नव्हतं, मी तर नाहीच, पण टेपचा तुकडा मी कपाटावर तसाच ठेवला होता आणि तो त्यांना दिसला. त्या बर्वे मॅडमपुढे वाकल्या त्या उठेचनात. लोंबत होती म्हणून लावली, म्हणाल्या. मॅडमनी त्यांना धरून उभं केलं आणि चहा दिला. मग आम्ही तिघी स्टोअरमध्ये गेलो, मी कात्रीने त्या केबलचं टोक कापून टाकलं, आणि त्यांच्या डब्यातल्या रिकाम्या भोकावर मोरी-सेन्सेईंनी स्वतःच्या हाताने स्ट्रॉबेरीची टेप चिकटवली. ती अजून तिथं आहे. कपाटाची ओसोजी आता मी करते.

लाइन अजून एकच आहे आणि दोघांची आहे. एन्चो-सेन्सेईंनी अट काढली नाही, लाइनही काढली नाही.

परीक्षावाल्यांना मॅडमनी किती मेल केले. उत्तर आलं, पुढच्या खेपेला बसता येईल. तिघांना त्याने फरक पडला नाही, ते इथंच राहणार होते. ईशिताच्या घरचं सामान मार्चमध्ये बांधून झालं. ती शाळा हुकली, दुसऱ्या शाळेत नाव घातलं, तीही बरी आहे म्हणे. जाताना तिने मला तिचं इरेजर दिलं, सुशीच्या आकाराचं, ओवीसाठी. तिची आई मात्र गेटजवळ थांबली. ती भांडली नाही. तिने फक्त विचारलं.

"तुझी मुलगी ठीक आहे हे तुला दिसत होतं. मग कुणासाठी तोडलंस ते?"

उत्तर मी घरी येऊन सागरला दिलं, की मला दिसत होतं म्हणूनच तोडलं, इतरांना दिसत नव्हतं ना. सागर म्हणाला, बरोबर आहे, पण हे तिला सांगून काय उपयोग, तिला तर तिची मुलगी स्क्रीनसमोर बसलेली दिसत होती. तेही बरोबर.

मी परत तसंच करीन. पण तुम्ही सगळे माझ्यापेक्षा शिकलेले, तुमचीही मुलं आहेत, कुणाची अंगणात, कुणाची परीक्षेला. तेव्हा विचारते, मनापासून विचारते. वर चार मुलं, खाली एक फोन, आणि केबल तुमच्या हातात. तुम्ही ओढली असती? आणि ओढली असती, तर गेटजवळ ईशिताच्या आईला काय सांगितलं असतं?